अडतीचा प्रोग्राम

मारबतीच्या दिवशी मिरवणुकीमुळे इतवारीकडचे रस्ते बंद असतात, त्यामुळे तिकडची गिऱ्हाइकं आमच्याकडे फिरकत नाहीत. तरी आईने ऑफिस उघडलं. ऑफिस म्हणजे रामदासपेठेत एका औषधाच्या दुकानावरची एक खोली. आजूबाजूला सगळे दवाखानेच. कोणी ना कोणी हातात एक्स-रेचा मोठा लिफाफा घेऊन जिना चढून यायचं आणि डॉक्टर कुठे बसतात म्हणून विचारायचं. आईला सगळ्या डॉक्टरांच्या वेळा आणि सुट्या पाठ झाल्या होत्या. कीबोर्डवरचे हात न उचलता ती सांगायची, "हाडाचे ना? बाजूच्या बिल्डिंगमध्ये. पण आज ते नाही बसत, उद्या या."

दुपारी आम्ही डबा उघडला. आदल्या दिवशीच्या पोळ्याच्या पुरणपोळ्या होत्या. आईला साखरेमुळे अर्धीच खायची परवानगी होती. तिने अर्धी खाल्ली आणि उरलेल्या अर्धीकडे बघत म्हणाली,

"काय वं अबोली, ठरलं का तुझं?"

"काय ठरायचं?"

"भाषेचं. अजून किती दिवस नुसती पाहून राहणार आहेस?"

प्रोग्राम लिहायची नवी भाषा शिकायची हे वर्षभर चाललं होतं. आईने नव्वदच्या सुमारास फॉक्सप्रो शिकून नरखेडच्या एका अडतीसाठी प्रोग्राम लिहिला होता. संत्र्याचा माल कोणाचा आला, लिलावात कोणी घेतला, शेतकऱ्याला किती मिळाले, त्याची पट्टी छापायची. पुढे आणखी दोन-तीन अडतींनी तोच घेतला. ज्या कंपनीची ती भाषा होती तिने ती केव्हाच बंद केली. आईचा प्रोग्राम मात्र चालू होता, कारण आई तो चालवत होती. मी पुण्यात एका कंपनीत नऊ वर्षं काढून चार वर्षांपूर्वी परत आले आणि या खोलीत तिच्या शेजारच्या टेबलावर बसायला लागले. माझ्या मते नवी भाषा अडतीचा प्रोग्राम नव्याने लिहिण्यासाठी शिकायची होती. आईच्या मते ती पुण्याला परत जाण्यासाठी शिकायची होती. अडत माझ्यासंग संपेल, म्हणायची, तुले त्यात जीव घालायची गरज नाही.

"रस्ट कसं आहे? केयूर सांगत होता," ती म्हणाली. केयूर माझा धाकटा भाऊ. तो पुण्यातच असतो.

"रस्ट म्हणजे गंज."

"बाप्पा! नावातच गंज? बरं झालं, आधीच सांगून मोकळं झालं ते. नको. दुसरं स्थळ?"

"गो."

"एवढंसं नाव. घराणं काही कळत नाही. पुढे."

"पायथन. अडतीच्या कामाला तेच बरं पडेल."

"ते सगळ्यांशीच गोड बोलते. कॉलेजातली सगळी पोरंपोरी त्याच्याच मागं. असा माणूस घरी काही कामाचा नसते."

"मग कोण पसंत आहे तुला?"

"जावा," आई लगेच म्हणाली. तिचं ठरलेलंच होतं. "वय झालं आहे, पण बँकेत आहे. पुण्यात घर आहे. कोणी काढून टाकत नाही त्याले."

"साधी गोष्ट सांगायला चार ओळी लागतात त्याला."

"लागू दे. तुझे बाबाही चारदा सुरुवात करतात, तेव्हा एक वाक्य निघते. निभलं ना माझं?"

मी हसले. तीही हसली, आणि मग उरलेली अर्धी पुरणपोळी तिने माझ्या डब्यात टाकली.

"खरं सांगू का," ती म्हणाली, "माझ्यापायी तू अडकून राहिली इथं. मले काय कळत नाही?"

हे वाक्य ती अधूनमधून म्हणायची. मी त्याला कधी उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशीही मी उठून डबे धुवायला गेले. नंतर एक माणूस कानाचे डॉक्टर विचारत आला, एका अडतीचा प्रिंटर बंद पडल्याचा फोन आला. संध्याकाळी आईने कुलूप लावलं आणि ते नीट लागलं की नाही म्हणून दोनदा ओढून बघितलं. रोजच बघायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात पडली. दवाखाना ऑफिसच्या मागच्याच गल्लीत होता. जिना चढून येणाऱ्यांना ती जो रस्ता सांगायची, त्याच रस्त्याने आम्ही तिला घेऊन गेलो. डोक्यात रक्तस्राव झाला होता. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबांनी काहीतरी विचारायला सुरुवात केली, मग पुन्हा सुरुवात केली, आणि मग विचारलंच नाही.

त्यानंतरचे दिवस मला नीट क्रमाने आठवत नाहीत. शेजारच्या घरांतून डबे यायचे. कोणता डबा कोणाचा, हे लक्षात ठेवायचं काम मी घेतलं होतं, आणि ते मला नीट जमत होतं. लोक भेटायला यायचे, सोफ्यावर बसायचे, फोटोकडे बघायचे आणि बाबांना म्हणायचे, "पोरीनं खूप केलं जी आईचं. एवढी मोठी नोकरी सोडून आली." आईची एक मावसबहीण तर माझा हात धरून सगळ्यांना सांगत होती, "आजकाल कोण करते? आईच्या छातीचं दुखणं निघालं अन् ही तशीच निघून आली. माझे दोघं पाहा, व्हिडिओ कॉल करतात." मी मान हलवायचे. आईच्या हृदयावरची शस्त्रक्रिया आणि माझं परत येणं एकाच महिन्यात झालं होतं. लोकांनी ते दोन्ही एकमेकांना जोडून टाकलं होतं, आणि सगळ्यात आधी आईने.

तेरवी झाली, केयूर पुण्याला गेला. घरात बाबा आणि मी उरलो. मी रोज ऑफिसला जायला लागले. तिथे बसून मी भाषा शिकायला सुरुवात केली.

प्रत्येक भाषेचा पहिला धडा सारखाच असतो. पडद्यावर एक वाक्य उमटवायचं. ते उमटलं की तुम्ही त्या भाषेत काहीतरी केलंत, असं धडा सांगतो आणि अभिनंदन करतो. मी जावाचा पहिला धडा केला, पायथनचा केला, गोचा केला. रस्टचाही केला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन भाषा शोधल्या, ज्यांची नावं मी आधी ऐकली नव्हती, आणि त्यांचेही पहिले धडे केले. दुसरा धडा मी कशाचाच केला नाही. दुसऱ्या धड्यात आधीचं लक्षात ठेवून पुढे जावं लागतं. मला ते नको होतं. मला फक्त वाक्य उमटलेलं बघायचं होतं.

रडू येत नव्हतं. मी त्याची वाटही पाहत नव्हते. भूक लागायची, झोप यायची, दवाखाना विचारत कोणी जिना चढून आलं तर मी सांगायचे. काही डॉक्टरांच्या वेळा मला माहीत नव्हत्या, तेव्हा माहीत नाही म्हणायचे.

केयूरचा फोन आला.

"ताई, माझ्या मित्राच्या कंपनीत जागा आहे. बँकेचं काम. जावा. महिन्याअखेरीला टेस्ट आहे, मी तुझं नाव दिलंय."

"बरं."

"बरं काय? करणार आहेस ना? बाबांचं आपण बघू. ते इकडे येतील, नाहीतर तू शनिवार-रविवार जात जा. आईची हीच इच्छा होती."

"जावाचं तिनं गमतीत म्हटलं होतं रे."

"गमतीत नाही. तुझ्या मागे मला वेगळा फोन करून सांगायची ती. तिला झोप यायची नाही त्यापायी." तो पुण्यात राहून पुणेरी बोलायला लागला आहे, पण 'त्यापायी' या एका शब्दापाशी तो पुन्हा आमच्या घरचा झाला.

"देते टेस्ट," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात नरखेडहून अश्विनचा फोन आला. अश्विन म्हणजे चंपतरावांचा मुलगा. ज्या अडतीसाठी आईने पहिला प्रोग्राम लिहिला ती चंपतरावांची, पण आता कारभार अश्विन बघतो.

"ताई, बाई गेल्या, फार वाईट झालं. तेरवीले आलो होतो, पण तुमच्याशी बोलणं नाही झालं. आता कसं आहे, संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल सुरू होऊन राहिला. अन् आमचा कॉम्प्युटर मधातच बंद पडते. एक कंपनीवाला रोज येऊन बसून राहिला, तयार ॲप आहे म्हणते. तुम्ही नवीन करून देणार असाल तर मी त्याले थांबवतो. नसाल तर तसं सांगा, मनात काही नाही आणणार आम्ही."

"करून देते," मी म्हणाले.

दोघांनाही मी हो म्हटलं, कारण हो म्हटलं की फोन लवकर संपतो. मग सकाळी जावा आणि दुपारी पायथन, असं सुरू झालं. एक भाषा मला पुण्याला नेणार होती आणि दुसरी इथे ठेवणार होती. मी दोन्हींचे धडे सारख्याच मनाने करत होते, म्हणजे कोणत्याच मनाने नाही. कधीतरी त्यातली एक आपोआप गळून पडेल आणि मला ठरवावं लागणार नाही, असं बहुधा मी धरून चालले होते.

अडतीचा नवा प्रोग्राम पटकन झाला. पुण्यात नऊ वर्षं मी जसं करत होते तसाच मी तो लिहिला. माणूस म्हणजे त्याचा मोबाइल नंबर. नंबर टाकला की नाव, गाव, माल, सगळं समोर येतं. स्वच्छ काम होतं. आईच्या जुन्या प्रोग्राममध्ये शेतकऱ्याच्या नावापुढे, गावापुढे, बापाच्या नावापुढे 'ओळख' असा आणखी एक रकाना होता. मी तो चार वर्षं पाहत आले होते. जुन्या काळची सवय, असं मला वाटायचं. नव्या प्रोग्राममध्ये मी तो घेतला नाही.

नरखेडला जाण्याच्या दिवशी बाबा चपला घालून दाराशी उभे होते.

"मी... म्हणजे तुले चालत असेल तर... मी येऊ का?"

बाबा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. आई जवळजवळ तीस वर्षं एसटीने नरखेडला जात होती आणि बाबांनी ती अडत एकदाही पाहिली नव्हती. कधी त्यांची पाळी असायची, कधी आई म्हणायची, तुम्ही तिथं काय करणार, उन्हात बसून राहाल. मलाही ती क्वचितच नेई. तू धडे कर, म्हणायची. गणेशपेठच्या स्टँडवरून आम्ही काटोलमार्गे जाणारी गाडी घेतली. बाबा खिडकीशी बसले. काटोल गेल्यावर संत्र्यांच्या बागा लागल्या, तसे ते प्रत्येक बागेकडे मान वळवून बघायला लागले, जणू आईने त्यातल्या कोणत्या बघितल्या असतील ते शोधत होते. माझ्या मांडीवर लॅपटॉप होता. मी जावाचा एक धडा वाचत होते आणि तो मला समजत होता.

अडतीत माल उतरत होता. फरशीवर संत्र्यांचे ढेर लागले होते, अजून हिरवट. चंपतराव खुर्चीत बसले होते. सत्तरीच्या पलीकडचे, पांढरी टोपी, समोर पानाचा डबा. बाबांना बघून त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"बाईचे मिस्टर का जी तुम्ही? तीस वर्षं झाले, आज पाह्यलं! आमाले वाटे, बाईनं मिस्टर बनवूनच सांगतले का काय."

"ड्युटी राहायची जी," बाबा म्हणाले.

"तीस वर्षं ड्युटी? कोराडीतली वीज तुमी एकटेच बनवत होते का गा?"

आजूबाजूचे हसले. बाबाही हसले. आई गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. मग चंपतरावांनी त्यांना शेजारी बसवलं आणि पान लावून दिलं.

अश्विन आणि मी कामाला लागलो. तो आदल्या दिवशीच्या आवकेची नावं वाचायचा आणि मी नव्या प्रोग्राममध्ये टाकायचे. सगळं ठीक चाललं होतं. रेवतकरांपाशी आलो. तीन भाऊ, तिघांच्या बागा वेगळ्या, तिघांचा माल वेगवेगळ्या गाड्यांतून आलेला.

"नंबर?" मी विचारलं. अश्विनने नंबर सांगितला. मोठ्या भावाचा माल टाकला.

"दुसऱ्यांचा नंबर?"

"तोच."

"आणि तिसऱ्यांचा?"

"तोच ना. मोठ्याचा." तो माझ्याकडे बघायला लागला. "ताई, इथं सगळे मोठ्या भावाचाच नंबर देतात. बँकेत, गॅसले, अडतीत. बाकीचे सिम बदलतात, ऑफर पाहून. मोठ्याचा नंबर कधी बदलत नाही, म्हणून निरोप चुकत नाही."

पडद्यावर तोवर व्हायचं ते झालं होतं. दुसरा भाऊ आला तसा पहिल्याच्या नावाच्या जागी त्याचं नाव बसलं होतं, आणि तिसरा आल्यावर दुसऱ्याचंही गेलं होतं. तिघांचे सगळे ढेर धाकट्याच्या नावावर होते. धाकटा रेवतकर तिथेच मालापाशी उभा होता. अश्विनने त्याला हाक मारली.

"ये पाह्य गा इकडं. एका दिवसात तिन्ही बागा तुह्या झाल्या."

"मंग राहू द्या तसंच," तो म्हणाला. "दादाले मी सांगतो, कॉम्प्युटरनं केलं, मी नाई."

"वयनी तुले घरात घेईन का?"

"वयनीचं नावही यातच टाकून द्या मंग, झगडाच संपला."

सगळे पोट धरून हसले. मी पडद्याकडे बघत होते. चूक दुरुस्त करायला फार वेळ लागणार नव्हता. तरी माझे हात कीबोर्डवर जाईनात.

"टेन्शन नका घेऊ, ताई," अश्विन म्हणाला. "त्या कंपनीवाल्याचंही असंच आहे. तोही नंबरच मांगते."

"बाईनंही पयल्या साली असंच केलं होतं," चंपतराव खुर्चीतून म्हणाले.

मी मान वर केली.

"तवा मोबाइल कुठं होते? बाईनं राशनकार्डाचा नंबर घेतला. एका कार्डावर अख्खं खटलं. बाप, लेकं, सुना. आमच्या इथल्या एका घरचा पूर्ण सीझनचा माल त्याहिच्या म्हाताऱ्या आजीच्या नावावर आला. ते आजी जागची हालत नव्हती, अन् नरखेडात सगळ्यात मोठी बागाईतदारीण तेच!"

"मग आईनं काय केलं?"

"काय करन? हासली. एवढी हासली का खुर्चीवरून पडते का काय वाटे. अन् मंग पूर्ण सीझन येऊन बसली. लिलाव चालू राहे, गलका राहे, अन् बाई एकेकाले बाजूले घेऊन विचारे, भाऊ, तुमाले गावात काय म्हणतात? नाव नाई, म्हणतात काय? कोणी बोरीवाला, कोणी मास्तर, कोणी शांतीचा जवाई. एक होता, त्याले भोंगा म्हणत. लय मोठ्यानं बोले. बाईनं त्याले विचारून घेतलं, भोंगा टाकू का? तो म्हणे, टाका, नाई तं माहा माल कोणाले सापडणार नाई."

"ओळखीचा रकाना," मी म्हणाले.

"हाव. आतापर्यंत माणूस चुकला नाई त्यात."

मी जुना कॉम्प्युटर लावायला सांगितला. तो दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाला. निळ्या पडद्यावर आईचा प्रोग्राम उघडला. मी 'ओळख' मध्ये बोरीवाला टाकलं आणि एक माणूस आला, त्याचं गाव, त्याचा बाप, कधीपासूनचा माल. मग मी मास्तर टाकलं. मग मोठे रेवतकर, मधले रेवतकर, धाकटे रेवतकर, तिघांच्या तीन ओळखी होत्या. मी नावं बघत राहिले. हे सगळं तिने बसून विचारलं होतं. मला ते माहीत नव्हतं. बाजूच्या टेबलावर चार वर्षं बसूनही मी ते कधी विचारलं नव्हतं, आणि आता चंपतराव सांगत होते म्हणून मला कळत होतं.

बाबा खुर्चीतून उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. तेही पडद्याकडे बघत होते.

अश्विनने चहा मागवला. चहा झाल्यावर तो जरा घुटमळला आणि म्हणाला,

"ताई, राग नका मानू, पण साफ बोललेलं बरं. बाई सांगत होत्या, पोरगी पुण्याले जाणार आहे. तुमची परीक्षा का काय आहे म्हणतात, केयूरभाऊ फोनवर सांगत होते. आता तुम्ही आमचं सुरू करून द्याल अन् मधात निघून जाल, तर सीझनमध्ये आम्ही काय करावं? त्यापेक्षा त्या कंपनीवाल्याले हो म्हणतो. त्याचा माणूस काटोलात बसते."

"त्याला नाही म्हणा," मी म्हणाले. "मी हे पायथनमध्ये नीट लिहून देते. ओळखीचा रकाना घेऊन. सीझनभर इथे येऊन बसते."

माझा आवाज मला नेहमीसारखाच ऐकू आला. अश्विनने वडिलांकडे बघितलं.

बाबा म्हणाले, "अबोली..." आणि थांबले. "म्हणजे मी काय म्हणतो... बेटा, आईसाठी तू खूप केलं. आता तू मोकळी आहेस. माझी काळजी नको करू. तू... जायचं असेल तर जा."

"बरोबर बोलले," चंपतराव म्हणाले. हसणं त्यांच्या तोंडावरून गेलं होतं. त्यांनी पानाचा डबा बंद केला. "पोरी, तुले एक सांगतो. बाईच्या जिवाले तेच लागून राहे. कितीदा इथं बसून बोलली. म्हणे, चंपतराव, माह्या दुखण्यापायी पोरीनं नोकरी सोडली, आता मी काही तिले परत देऊ नाई शकत. आता तू बाईपायीच आमचं काम घेऊन राहिली असशील, तं नको घेऊ. मी देणार नाई. मेल्या माणसापायी केलेलं काम दोन सालं चालते, मंग माणसाले त्याचा राग येते. अन् मले सुमतीबाईच्या पोरीले राग आणून नाई द्यायचा."

बाहेर लिलाव सुरू झाला होता. बोली बोलणाऱ्याचा आवाज चढत होता आणि लोक ढेरांभोवती गोळा होत होते. अश्विनला खरं म्हणजे तिकडे जायला हवं होतं, पण तो गेला नाही. तिघंही माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणू शकले असते. चंपतराव बरोबर म्हणतात, असं म्हणून महिन्याअखेरीची टेस्ट देऊ शकले असते. ते सोपं होतं, आणि मला कोणी काही म्हटलं नसतं. उलट सगळ्यांना बरंच वाटलं असतं.

"मी आईच्या दुखण्यासाठी आले नव्हते," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"तिचं दुखणं नंतर निघालं, बाबा. माझा राजीनामा त्याच्या आधीच गेला होता. तुम्हाला सांगायच्या आत तिचं ऑपरेशन ठरलं, आणि मग सगळे म्हणायला लागले की मी तिच्यासाठी आले. मी म्हटलं, म्हणू दे."

"मग काहून आली वं तू?" चंपतरावांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"त्याच्या आधीच्या दिवाळीत मी सुटीवर आले होते. तिला घेऊन इथे आले. एक म्हातारे आजोबा त्यांची पट्टी घेऊन दारात उन्हाला धरून उभे होते. अक्षर बारीक होतं, त्यामुळे त्यांना ते वाचता येत नव्हतं. कोणाला वाचायला सांगायची त्यांना लाज वाटत होती. आईनं ते बघितलं. ती आत आली, अक्षर मोठं केलं आणि त्यांची पट्टी पुन्हा छापून दिली. ते तिथेच पायरीवर बसले आणि आपलं नाव, गाव, आपला माल, सगळं मोठ्यानं वाचायला लागले. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

लिलावातला आवाज थांबला आणि दुसऱ्या ढेरापाशी पुन्हा सुरू झाला.

"मी नऊ वर्षं प्रोग्राम लिहिले. ते वापरणारा माणूस मी कधीच पाहिला नव्हता, एकदाही नाही. पुण्याला परत गेले आणि पुढच्याच महिन्यात राजीनामा लिहिला."

बाबा म्हणाले, "तिले... हे तू तिले..."

"नाही सांगितलं."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझा आवाज मला नेहमीसारखा ऐकू आला नाही. आईचा प्रोग्राम समोर उघडाच होता. मी त्याच्याकडे पाहून बोलत नव्हते. कोणाकडेच पाहत नव्हते. पण बोलणं मात्र आता बाबांशी चाललं नव्हतं, चंपतरावांशीही नव्हतं, आणि माझी भाषा घरातली झाली होती, एवढं मला कळत होतं.

"तुझ्यापायी नाही आली वं आई मी," मी मोठ्याने म्हणाले. "तू मले अडकवलं नाही. मले तुझं काम आवडलं होतं. मले तेच करायचं होतं."